हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ९०० धरून भागाकार केला, तर उत्तर येतं सहा तास दहा मिनिटं. तिकिटावर मात्र आठेक तास छापलेले. त्यात विमानात बसल्यावर वैमानिक तिसराच आकडा सांगतो!

वैमानिक बहुधा हवेतला वेळ सांगत असतो, म्हणजे चाकं धावपट्टीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा. तिकिटावरचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम: विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा. उभ्या विमानाच्या चाकांना लावायच्या ठोकळ्यांवरून हे नाव आलं. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. गंमत म्हणजे, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत विमानाचा ‘फ्लाइट टाइम’सुद्धा जमिनीवरच्या या हालचालीपासूनच मोजतात. तेव्हा गोंधळ एकट्या प्रवाशांचा नाही, शब्दच तसा आहे.

पण आपला भागाकार फसतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. उत्तर अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो ताशी १५० किलोमीटर धरा. न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ७५०, म्हणजे हवेत सात तास तेवीस मिनिटं. परतताना तोच वेग १,०५० होतो आणि सव्वापाच तासांत काम होतं. अंतर तेच, फरक दोन तासांचा. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं. त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण तो जमिनीच्या तुलनेत. ध्वनीची मर्यादा त्याने ओलांडलेली नव्हती.

अंतराचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. संकेतस्थळं दाखवतात ते पृथ्वीच्या गोलावरचं किमान अंतर. सपाट नकाशावर ही वाट कमानीसारखी वाकलेली दिसते, म्हणून ती लांबची वाटते. प्रत्यक्षात तीच जवळची. पण विमान नेमकं तिच्यावरून जाईलच असं नाही. २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरं जागच्या जागीच होती.

वेळापत्रकात कंपन्या थोडी सैल जागाही ठेवतात, कारण त्यांचा वक्तशीरपणा ब्लॉक टाइमवर मोजला जातो. अमेरिकेत ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत गेटला पोहोचलेलं विमान ‘वेळेवर’ मानतात. म्हणूनच चाकं वीस मिनिटं आधी टेकतात, सगळे खूश होतात, आणि गेट रिकामं नाही म्हणून विमान तिथेच उभं राहतं. हवेतला वेळ संपलेला असतो. तिकिटावरचा अजून चालूच असतो.