खप घटला, वजने वाढली: साखरेच्या आकड्यांचा वाद

सिडनी विद्यापीठातील पोषणशास्त्रज्ञ जेनी ब्रँड-मिलर आणि त्यांचे सहकारी ॲलन बार्कले यांनी २०११ साली ‘न्यूट्रिएंट्स’ या शोधपत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. १९८० ते २००३ या काळात ऑस्ट्रेलियात साखरेचा दरडोई खप २३ टक्क्यांनी घटला, गोडी आणणारे इतर पदार्थ जमेस धरले तरी ही घट १६ टक्के भरते, आणि १९८० पासून त्या देशातील लठ्ठपणाचे प्रमाण मात्र तिपटीवर गेले, असे त्यात म्हटले होते. या विसंगतीला त्यांनी ‘ऑस्ट्रेलियन विरोधाभास’ असे नाव दिले. त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ असा, की साखर कमी करण्याच्या मोहिमांनी साखर कमी होईलही, पण त्यामुळे लठ्ठपणा कमी होईलच असे नाही. शीतपेयांच्या व साखरेच्या उद्योगाला हा निष्कर्ष सोयीचा होता आणि त्याचा आधार पुढे वारंवार घेतला गेला. तो कितपत टिकतो हे पाहायचे, तर आधी साखरेचा खप मोजतात कसा, हे पाहावे लागते.

एखाद्या देशात माणशी किती साखर खाल्ली जाते, हे थेट कोणीच मोजत नाही. देशात तयार झालेली साखर घ्यायची, तीत आयात मिळवायची, निर्यात आणि खाण्याव्यतिरिक्त वापरली गेलेली साखर वजा करायची, आणि उरलेल्या आकड्याला लोकसंख्येने भागायचे, अशी ही रीत आहे. हिशेब सरळ दिसतो, पण त्यात मोठी फट आहे. परदेशात तयार झालेली बिस्किटे, चॉकलेटे, जॅम, सॉस बंदरात उतरतात तेव्हा त्यांच्या पोटातली साखर ‘साखरेची आयात’ म्हणून सहसा नोंदली जात नाही. घरोघरी स्वयंपाकातला वापर कमी होऊन बाहेरून येणाऱ्या तयार पदार्थांचे प्रमाण वाढू लागले, की खाल्ली जाणारी साखर तेवढीच राहूनही कागदावरचा खप घसरत जातो. उलट बाजूने, वाया जाणारी साखर या पद्धतीत खाल्ली गेली असेच धरले जाते. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी कार्यालयाने ही मालिका १९९८-९९ नंतर बंद केली. निबंधातले पुढच्या वर्षांचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांतून आले होते, आणि मूळ मोजणीच थांबलेली असल्यामुळे त्या तक्त्यांत त्या वर्षांसाठी अंदाजच भरलेले होते. रोरी रॉबर्टसन या अर्थतज्ज्ञांनी हे चव्हाट्यावर आणले. शेवटच्या काही वर्षांची रेषा आलेखात जवळजवळ सपाट दिसते, आणि खऱ्या मोजणीत असे सहसा घडत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

दुसरी चूक त्याहून साधी होती. साखरयुक्त शीतपेयांची दरडोई विक्री घटल्याचे निबंधाच्या एका वाक्यात म्हटले होते. प्रत्यक्षात घटला होता तो त्या पेयांचा बाजारातला वाटा, कारण साखरविरहित पेयांची विक्री झपाट्याने वाढत होती. साखरयुक्त पेयांचे माणशी लिटर मात्र कमी झालेले नव्हते. टक्केवारीतला वाटा आणि प्रत्यक्ष प्रमाण यांची गल्लत शालेय गणितातही चालत नाही. विद्यापीठाने केलेल्या चौकशीचा अहवाल २०१४ साली आला. संशोधनात गैरवर्तन झाल्याचे त्यात आढळले नाही, पण निबंधातील काही बाबी नव्या लिखाणातून स्पष्ट कराव्यात, असे सुचवले गेले. २०१७ मध्ये याच दोघांनी निरनिराळ्या स्रोतांतील आकडे एकत्र करून पुन्हा तीच दिशा मांडली.

ती दिशा पूर्णपणे काल्पनिक आहे, असे मला वाटत नाही. खप मोजण्याची दुसरी पद्धत म्हणजे लोकांनाच आदल्या दिवशी काय काय खाल्ले ते विचारणे, आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आहार पाहण्यांत हेच केले गेले. १९९५ साली लोकांच्या एकूण उष्मांकांपैकी १२.५ टक्के उष्मांक मुक्त शर्करेतून, म्हणजे वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर यांतून येत होते. २०११-१२ मध्ये हे प्रमाण १०.९ टक्क्यांवर आले. घट आहे, पण बेताची आहे. शिवाय येथेही पाणी मुरते. त्याच पाहणीत सांख्यिकी कार्यालयाने असे दाखवले, की लोकांनी सांगितलेल्या आहाराचा त्यांच्या शरीराच्या गरजेशी मेळ घालायचा असेल, तर पुरुषांचे उष्मांक सुमारे १७ टक्क्यांनी आणि स्त्रियांचे सुमारे २१ टक्क्यांनी जास्त धरावे लागतील. लोक खाल्लेले सगळे सांगत नाहीत. जे सांगायचे राहते त्यात भाकरी-भाजीपेक्षा मिठाई, केक आणि कोला यांचा भरणा अधिक असण्याचा संभव असतो, आणि साखर वाईट आहे असे जितके अधिक बोलले जाईल तितके हे गाळणेही वाढत जाईल. त्यामुळे खाण्यात झालेला बदल किती आणि सांगण्यात झालेला बदल किती, हे अशा पाहणीतून वेगळे काढता येत नाही.

तरीही, वादापुरते धरून चालू की खप खरोखर १६ टक्क्यांनी घटला. तेवढ्याने साखर निर्दोष ठरते काय? माझ्या मते या निष्कर्षाची खरी कमजोरी येथे आहे, आकड्यांत नाही. २०११-१२ च्या त्याच पाहणीनुसार सरासरी ऑस्ट्रेलियन माणूस दिवसाला सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे १४ चमचे मुक्त शर्करा पोटात घालत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांची आहे, आणि ५ टक्क्यांच्या खाली गेल्यास आणखी फायदा होऊ शकतो, असेही ती संघटना म्हणते. नळ थोडासा आवळला तरी गळतीपेक्षा धार मोठी असेल तर टाकी भरतच राहते; शरीरातील चरबीचा जमाखर्चही याच नियमाने चालतो. ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या किंवा लठ्ठ प्रौढांचे प्रमाण १९९५ मधील ५६ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ६७ टक्क्यांवर गेले. या चढणीत साखरेखेरीज तेल, मैदा, बाहेरचे जेवण, बसून होणारी कामे या सगळ्यांचा हात आहे. एक कारण किंचित ओसरत असताना दुसरी कारणे वाढली, तर एकूण परिणाम वाढतच दिसतो. अमेरिकेतही असेच चित्र आहे: तेथे वरून घातलेल्या साखरेचे सेवन शतक बदलताना शिखरावर होते आणि १९९९-२००० ते २००७-०८ या काळात दिवसाला १०० ग्रॅमवरून सुमारे ७७ ग्रॅमवर उतरले, तरी प्रौढांमधील लठ्ठपणा १९९९-२००० मधील ३०.५ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ४२.४ टक्क्यांवर पोहोचला.

शिवाय परिणाम त्याच वर्षी दिसायला हवा, असा आग्रह धरणेही चुकीचे आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून चालत आलेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि खप झपाट्याने वाढला. त्या तारखेच्या आधी व नंतर गर्भात आलेल्या लोकांची प्रौढ वयातील तुलना २०२४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भावस्था आणि जन्मानंतरचा सुरुवातीचा काळ रेशनिंगमध्ये काढलेल्यांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. बालपणातील साखरेचा हिशेब पन्नास-साठ वर्षांनी चुकता होत असेल, तर दोन दशकांच्या दोन रेषा शेजारी ठेवून निवाडा देणे घाईचे ठरते.

निवाडा द्यायचा तर प्रयोगांकडे वळावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या २०१३ च्या आढाव्यात लिसा ते मोरेंगा आणि जिम मान यांच्या गटाने अशा चाचण्या एकत्र तपासल्या. मनसोक्त खाण्याची मुभा असलेल्या प्रौढांना साखर कमी करायला सांगितली, तेव्हा वजन सरासरी ०.८ किलोने उतरले; साखर वाढवली तेव्हा जवळपास तितकेच चढले. मात्र साखर काढून तेवढ्याच उष्मांकांचे दुसरे पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हा वजनात फरक पडला नाही. उद्योगाची बाजू घेणारे यातले शेवटचे वाक्य पुढे करतात, साखरेचे विरोधक पहिले. माझ्या मते दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तरच अर्थ लागतो. साखरेच्या उष्मांकात काही गूढ नाही. पण मोकळ्या जगात ती कोणी मोजून दुसऱ्या पदार्थाच्या बदल्यात खात नाही, जेवणावर वरून खातो.

हे वरून का जमा होते, हे एका लहान प्रयोगातून फार चांगले दिसते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००० साली १५ जणांना चार आठवडे रोज ४५० उष्मांकांच्या जेलीच्या गोळ्या खायला दिल्या, आणि मध्ये खंड घेऊन दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच उष्मांकांचा सोडा प्यायला दिला. गोळ्यांच्या दिवसांत लोकांनी आपोआप इतर खाणे तेवढ्याच प्रमाणात कमी केले. सोड्याच्या दिवसांत मात्र त्यांनी काहीच कमी केले नाही आणि त्यांचे वजन वाढले. साखर तीच होती, पण प्यायलेल्या साखरेची दखल भूक घेत नाही. २०१२ साली नेदरलँड्समध्ये पाच ते अकरा वर्षांच्या ६४१ मुलांवर झालेली चाचणी याहून भक्कम आहे. प्रत्येक मुलाला शाळेत रोज २५० मिलिलिटरचा एक डबा मिळे. काहींच्या डब्यात साखर होती, काहींच्या डब्यात कृत्रिम गोडी, आणि चव इतकी सारखी राखली होती की कोणता डबा कोणता हे मुलांना वा संशोधकांना ठाऊक नव्हते. दीड वर्षाने साखरेच्या गटातील मुलांचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले होते आणि बिनसाखरेच्या गटातील मुलांचे ६.३५ किलोने. दिवसाला जेमतेम १०४ उष्मांकांच्या एका डब्याने एक किलोचा फरक पाडला, आणि हे वाढीच्या वयातील मुलांमध्ये. मला या वादातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच वाटतो.

साखरेत ग्लुकोजबरोबर असणाऱ्या फ्रुक्टोज या घटकाबद्दल बरेच टोकाचे लिहिले जाते, त्यामुळे थोडे त्याविषयी. कॅलिफोर्नियात किंबर्ली स्टॅनहोप यांच्या गटाने वजन जास्त असलेल्या लोकांना दहा आठवडे एकूण उष्मांकांचा चौथा हिस्सा फ्रुक्टोजयुक्त किंवा ग्लुकोजयुक्त पेयांतून दिला. दोन्ही गटांचे वजन सारखेच वाढले, पण पोटातील अवयवांभोवती साचणारी चरबी फ्रुक्टोजच्या गटात लक्षणीयरीत्या वाढली. हा डोस मोठा होता, म्हणून यावरून चहातल्या एका चमच्याला विष म्हणणे अतिशयोक्त होईल. पण वजनकाट्याला न दिसणारा अपाय असू शकतो, एवढे त्यातून निश्चित कळते.

या विषयावरची परस्परविरोधी मते केवळ अभ्यासाच्या कठीणपणातून आलेली नाहीत. साखर उद्योगाच्या संस्थेने १९६० च्या दशकात हार्वर्डच्या पोषणतज्ज्ञांना पैसे देऊन हृदयविकाराविषयीचा एक आढावा लिहून घेतला आणि १९६७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात साखरेकडचा संशय चरबीकडे वळवला होता. जुन्या पत्रव्यवहारातून हे २०१६ मध्ये उघड झाले. २०१३ साली शीतपेये आणि वजन यांवरील आढाव्यांचीच तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की उद्योगाशी आर्थिक संबंध नसलेल्या आढाव्यांपैकी ८३ टक्के आढाव्यांना शीतपेयांचा वजनवाढीशी संबंध आढळला होता, आणि उद्योगाशी आर्थिक संबंध असलेल्यांपैकी तितक्याच टक्क्यांना पुरावा अपुरा वाटला होता. वैज्ञानिक वाद असा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा पडतो, तेव्हा वाचकाने निधी कोठून आला हे विचारणे रास्तच आहे.

भारताची स्थिती ऑस्ट्रेलियाच्या उलट आहे. येथे खप चढता आहे. कारखान्यांतून देशात विकल्या जाणाऱ्या साखरेला लोकसंख्येने भागले तर माणशी वर्षाला २० किलोंच्या आसपास आकडा येतो, आणि त्यात गूळ धरलेला नाही. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मात्र घरी खरेदी होणारी साखर माणशी महिन्याला एक किलोपेक्षा कमी भरली होती. मधली तफावत मिठाईवाले, बेकऱ्या, हॉटेले, आइस्क्रीम आणि शीतपेयांचे कारखाने यांच्याकडे जाते. महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांच्या गोदामातून पोते बाहेर पडले, एवढे सरकारला नेमके ठाऊक असते. ते शेवटी कोणाच्या पोटात गेले, ते नाही. दरम्यान १५ ते ४९ वयोगटातील वजन जास्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मधील २०.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर, आणि पुरुषांचे १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले आहे. लोक प्रत्यक्ष काय खातात हे महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या गावोगाव जाऊन नोंदवणारा राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभाग १९७२ पासून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या छत्राखाली चालत होता. २०१५ साली तो बंद करण्यात आला. उद्या कोणी भारतातील साखरेची रेषा लठ्ठपणाच्या रेषेशेजारी मांडली, तर ऑस्ट्रेलियात झाला तोच वाद येथे होईल, आणि तो मिटवण्यासाठी लागणारी सलग मोजणी आपल्या हाताशी नसेल.