दोर ओढण्याचा अधिकार : कंपनीची अंतर्गत संस्कृती आणि तिचा ब्रँड

ब्रँड ही सुरुवातीला फक्त मालावर उमटवायची खूण होती. १८७५ साली ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ रोजी बास या बिअर कंपनीच्या लाल त्रिकोणाची पहिल्या क्रमांकाने नोंद झाली. बाटलीवर तो त्रिकोण असला की आतला माल भेसळीचा नाही, एवढीच त्या खुणेची हमी होती. माल बनवणाऱ्याला कसे वागवले जाते, त्याला चूक दिसली तर तो बोलू शकतो का, हे प्रश्न गिऱ्हाईकाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. कॅडबरीने १८७९ मध्ये बर्मिंगहॅमजवळ बॉर्नव्हिल येथे कारखाना हलवून पुढे तिथे वसाहत उभी केली, तर लिव्हर यांनी १८८८ मध्ये आपल्या साबण कारखान्याच्या कामगारांसाठी पोर्ट सनलाइट हे गाव वसवायला घेतले. या वसाहतींमुळे मालकांचे नाव झाले आणि त्या नावाचा फायदा मालालाही झाला. मात्र हे औदार्य वडीलकीचे होते : कामगाराला चांगले घर आणि बाग मिळाली, पण कारखान्याच्या निर्णयांत त्याचा शब्द फारसा चालत नव्हता. हा फरक पुढच्या साऱ्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

कारखान्याच्या आतल्या माणसांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची सुरुवात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी झाली. १९५१ मध्ये एलियट जॅक्स यांनी लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात कारखान्याला स्वतःची संस्कृती असते, हे स्पष्टपणे मांडले. तरीही हे सारे ज्ञान कामगार विभागापुरतेच राहिले. ब्रँडचे काम जाहिरात विभाग पाही, माणसांचे काम दुसरा विभाग पाही, आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध येण्याचे प्रसंग क्वचितच येत.

ही भिंत पहिल्यांदा खिळखिळी झाली ती सेवाक्षेत्रात, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. सदोष वस्तू कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधी तपासनीस ती बाजूला काढू शकतो. पण बँकेच्या खिडकीवर किंवा विमानात जे घडते ते ग्राहकाच्या डोळ्यांसमोरच घडते, त्यामुळे तिथे अशी चाळणी लावताच येत नाही. १९८१ मध्ये लेनर्ड बेरी यांनी बँकांविषयी लिहिताना कर्मचाऱ्यालाच ग्राहक मानावे, अशी मांडणी केली. त्याच वर्षी यान कार्लझॉन यांनी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सची सूत्रे हाती घेतली. त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे : वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची साधारण ५ कर्मचाऱ्यांशी गाठ, आणि प्रत्येक भेट सुमारे १५ सेकंदांची. म्हणजे वर्षभरात ५ कोटी वेळा कंपनीची परीक्षा होते आणि त्या क्षणी समोर वरिष्ठ अधिकारी नसतो. यावर कार्लझॉन यांनी नुसते हसतमुखतेचे प्रशिक्षण देण्यावर भागवले नाही. प्रवाशाची अडचण जागच्या जागी सोडवण्याचा अधिकार त्यांनी समोरच्या कर्मचाऱ्याला दिला. रिट्झ-कार्लटन हॉटेलांनी पुढे हीच वाट धरली. तिथे वरिष्ठांची परवानगी न घेता एका पाहुण्यासाठी २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा कर्मचाऱ्याला दिली गेली.

कारखानदारीत हाच धडा जपानी मोटारींनी दिला, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट येथे घडले. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, दारू, तक्रारींचे ढीग आणि सदोष गाड्या यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो पुन्हा सुरू केला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच घेतले गेले आणि संघटनाही तीच राहिली. त्यांच्यातल्या काहींना प्रशिक्षणासाठी जपानमधल्या ताकाओका कारखान्यात पाठवण्यात आले. तिथे त्यांनी पाहिले, की जुळणीच्या ओळीशेजारून एक दोर गेलेला असतो आणि कुठल्याही कामगाराला दोष दिसला की तो ओढता येतो. दोर ओढला की सूचना वाजते, गटप्रमुख धावत येतो, रागावण्याऐवजी काय अडले ते विचारतो, आणि ठरलेल्या वेळात दोष दूर झाला नाही तर ओळ थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये ओळ थांबवणे हा अक्षम्य अपराध होता. दोष दिसला तरी गाडी पुढे ढकलायची आणि दुरुस्ती शेवटी करायची, अशी तिथली रीत होती. नव्या व्यवस्थेत त्याच माणसांनी बनवलेल्या गाड्यांचा दर्जा लवकरच जपानी कारखान्यांच्या जवळपास पोहोचला.

या कहाणीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो, आणि ब्रँडच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे असे मला वाटते. या कारखान्यातून पुढे टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सच्या नावाखाली विकली जाणारी जिओ प्रिझम या दोन जवळजवळ सारख्या गाड्या बाहेर पडत होत्या. हात तेच, ओळ तीच, दोरही तोच. तरीही कोरोलाला मागणी जास्त राहिली आणि जुनी झाल्यावरही तिला किंमत जास्त मिळाली. अनेक वर्षांच्या कामाच्या पद्धतीतून साठलेला लोकांचा विश्वास टोयोटाच्या नावावर जमा होता. दुसऱ्या नावाला तो एका कारखान्याच्या सुधारणेने मिळू शकला नाही. संस्कृती बदलली तरी ब्रँड तिच्यामागून फार सावकाश येतो, हे इथे स्पष्ट दिसले.

१९८५ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक एडगर शाइन यांनी संस्कृतीचे तीन थर सांगितले : डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, तोंडाने सांगितलेली मूल्ये, आणि कोणी बोलून न दाखवलेली पण सर्वांनी धरून चाललेली गृहीतके. ग्राहकापर्यंत पोहोचतो तो तिसरा थर. जॉन्सन अँड जॉन्सनचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९४३ मध्ये लिहिलेल्या कंपनीच्या जाहीरनाम्यात पहिले उत्तरदायित्व कंपनीची उत्पादने वापरणाऱ्यांप्रती मानले होते. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी कंपनीच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळल्याने ७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या, १० कोटी डॉलरहून अधिक खर्च सोसला आणि गमावलेला विश्वास परत मिळवला. पण त्याच समूहातल्या मॅकनील या कंपनीने २०१५ मध्ये लहान मुलांच्या द्रव औषधांच्या निर्मितीतील दोषांबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २.५ कोटी डॉलर भरले. त्या काळातही जाहीरनामा कायम होता.

१९९० नंतर या विषयाला स्वतःची परिभाषा मिळाली. १९९६ मध्ये अँब्लर आणि बॅरो यांनी नोकरी देणारी संस्था म्हणून कंपनीचा ब्रँड असतो, ही कल्पना मांडली. २००१ मध्ये मेरी जो हॅच आणि माय्केन शुल्ट्झ यांनी नेतृत्वाची दृष्टी, अंतर्गत संस्कृती आणि बाहेरची प्रतिमा यांत तफावत पडली की ब्रँड कसा डळमळतो, हे दाखवले. मांडणी उत्तम होती, पण अनेक ठिकाणी तिचे रूपांतर भिंतीवरच्या फलकांत झाले. त्याच वर्षी हिशेबातल्या घोटाळ्यांमुळे दिवाळखोरीत गेलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या मूल्यांच्या यादीत आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता हे चार शब्द होते.

फलक आणि रोजचा व्यवहार यांतले अंतर किती महाग पडते, हे वेल्स फार्गो बँकेत दिसले. शाखांमधल्या कर्मचाऱ्यांवर प्रत्येक ग्राहकाला अधिकाधिक खाती आणि कार्डे विकण्याचे लक्ष्य लादलेले होते. ते गाठण्यासाठी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच काढून टाकल्याचे उघड झाले. गैरप्रकारांची माहिती देण्यासाठी बँकेत अंतर्गत दूरध्वनी होता. पण त्याच्या वापराची किंमत काय, हे २०१७ मध्ये कळले : संशयास्पद व्यवहार कळवल्यानंतर कामावरून काढलेल्या एका व्यवस्थापकाला परत घेऊन ५४ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश अमेरिकेच्या कामगार खात्याने बँकेला दिला. दोर होता, पण तो ओढणाऱ्याची नोकरी सुरक्षित नव्हती.

एव्हाना आतल्या गोष्टी आत ठेवणेही अवघड झाले होते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ग्लासडोर या संकेतस्थळावर कर्मचारी नाव न सांगता आपल्या कंपनीविषयी लिहू लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये उबरमधून बाहेर पडलेल्या एका अभियंता स्त्रीने तिथल्या लैंगिक छळाच्या तक्रारी कशा दडपल्या गेल्या, ते जाहीरपणे लिहिले. चौकशा झाल्या आणि जूनमध्ये संस्थापक-प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या प्रमुखांनी कंपनीची जुनी मूल्ये रद्द केली. नवी वरून बसून ठरवण्याऐवजी त्यांनी कर्मचाऱ्यांकडूनच सूचना मागवल्या. हजाराहून अधिक सूचना आल्या, आणि त्यांवर कर्मचाऱ्यांनीच मतेही दिली.