पाखाडीवर बूट का घसरतो?

गेल्या आषाढात आमच्या कोकणातल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, मी सपशेल आडवा झालो. पायात नवेकोरे धावण्याचे बूट, तळाला बोटभर खाचा. दुकानदाराच्या भाषेत ‘एकदम ट्रॅक्टरचा टायर’. मागून शेजारची काकी अनवाणी उतरत होती, हातात दुधाची किटली. थेंबही न सांडता ती बाजूने पुढे गेली आणि वळून म्हणाली, “झावळ्या टाकल्यात त्या काय शोभेला रे?”

झावळ्या चुकवून, मोकळी पायरी बघून मी पाय टाकला होता. मोकळी म्हणजे हिरवीगार, बुळबुळीत.

खाचांवरचा आपला विश्वास गाडीच्या टायरवरून आलेला आहे. गाडी वेगात असताना चाकाखालचं पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही, चाक पाण्यावर तरंगतं. म्हणून टायरला नाल्या लागतात. धावणाऱ्याचं तसं नसतं. ताशी दहा किलोमीटरने पळणाऱ्याचं पाऊल जमिनीवर पाव सेकंदभर टेकलेलं असतं आणि वरून शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. बरंचसं पाणी तेवढ्यात दाबून बाहेर जातं. खोल खाचा चिखलात रुतायला कामाच्या, भाताच्या बांधावर पळणार असाल तर जरूर घ्या. दगडावर मात्र अडचण करतो तो शेवटचा, केसाहून पातळ थर. थर जितका पातळ, तितका तो बाहेर ढकलणं कठीण. तो फोडायला बारीक कडा लागतात.

अमेरिकेतल्या पॉल स्पेरी यांना हे कुत्र्याने शिकवलं. बर्फावरून न घसरता पळणाऱ्या आपल्या कुत्र्याच्या तळव्यांवर त्यांना बारीक भेगा दिसल्या. तशाच चिरा रबरात पाडून त्यांनी 1935 मध्ये होडीच्या ओल्या फळीवर चालायचे बूट काढले. मोठ्या गुट्ट्यांच्या तळापेक्षा असा बारीक चिरलेला तळ ओल्या लादीवर बरा, तो यामुळेच.

पण अर्धा हिशोब रबराचा आहे. कोरड्या जमिनीवर रबर दोन तऱ्हांनी धरतं. एक म्हणजे पृष्ठभागाला अगदी लगटून चिकटतं. दुसरं म्हणजे दगडाच्या खडबडीवर दबतं, पुन्हा वर येतं आणि या उठाबशीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन खर्ची पडते. तीच ब्रेकसारखी काम करते. पाणी आलं की पहिली तऱ्हा जवळजवळ संपते, दुसरी उरते. त्यासाठी दगड खडबडीत हवा आणि रबर त्याच्या खळग्यांत शिरेल इतकं मऊ. नखाने दाबून पाहा, किंचित तरी दबलं पाहिजे. हल्ली वजन वाचवायला काही बुटांच्या तळाला रबर जेमतेम दोन पट्ट्यांचं असतं, बाकी नुसता फोम. पावसाळ्यात असा बूट मी तरी घेणार नाही.

आता जांभा, आमच्या पाखाडीचा दगड. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी या दगडाला ‘लॅटेराइट’ नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. भोकाभोकांचा, खरखरीत. म्हणजे पावसात उत्तम पकड द्यायला हवी. देतोही! आमच्या गडग्यातला, म्हणजे दगडी कुंपणातला, एक सुटा चिरा (जांभ्याचा ठोकळा) पडवीत आणून मी पाहिलं. एक अंग शेवाळलेलं, दुसरं स्वच्छ. चिरा भिजवला, बुटात दोन किलो तांदळाची पिशवी ठेवली (रिकामा बूट फारच हलका) आणि एका बाजूने लाकडाच्या चिपा सरकवत चिरा कलता केला. बूट सुटतो त्या क्षणी वरच्या टोकाची उंची भागिले खालचं आडवं अंतर, हा झाला घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा. 30 सेंटिमीटर आडव्याला 15 उंची म्हणजे 0.5. स्वच्छ अंगावर चिपा संपत आल्या तरी बूट हलेना. शेवाळलेल्या अंगावर दुसऱ्याच चिपेला खाली आला. बूट तोच, पाणी तेच.

शेवाळ दगडाची भोकं बुजवतं आणि वर स्वतःचा चिकट बुळा सोडतं. रबराला मग दगड भेटतच नाही. झावळीच्या पात्या आणि शिरा त्या बुळ्याच्या वर कडा उभ्या करतात; काकीच्या तळव्याला धरायला तेवढं पुरतं. प्रयोगशाळेत बूट यंत्राला बसवून, भार देऊन ओल्या लादीवर सरकवतात. आयएसओ 13287 हे त्याचं मानक, मुळात कामगारांच्या सुरक्षा-बुटांसाठीचं. तिथला आकडा त्या लादीपुरता खरा. आमच्या पाखाडीला तो लागू नाही.

आरामाची परीक्षा याहून सोपी आणि तरीही लोक चुकतात. दुकानात अंगठ्याने फोम दाबून काही कळत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सैनिकांना सहा तऱ्हांच्या आतल्या पायतळ्या देऊन आपल्याला बरी वाटेल ती निवडायला सांगितलं होतं. सगळ्यांची निवड एक नव्हती, पण स्वतः निवडलेली वापरणाऱ्यांच्या पायाच्या तक्रारी कमी निघाल्या. कॅल्गरी विद्यापीठाच्या बेनो निग यांनी पुढे 2015 मध्ये मांडलं की आराम हीच बूट निवडायची चाळणी धरावी. यावर वाद आहेत, पण मला पटतं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही बूट घालून पळून पाहावं. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी.

कोकणात आणखी एक परीक्षा लागते, भिजलेल्या बुटाची. ओलसर कातडी कापडाला जास्त धरते, म्हणून फोड येतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या वेगळ्याच. ‘वॉटरप्रूफ’ बुटात पाणी घोट्याकडून शिरतं आणि आतच राहतं. आमच्याकडची हवा आधीच दमट, घामाची वाफ बाहेर जाणार कुठे? त्यापेक्षा जाळीचा बूट बरा, पाणी आलं तसं निघून जातं. मी बूट नळाखाली भिजवतो, शंभर पावलं पळतो आणि टाच आत सरकते का पाहतो. मग वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीपासून लांब ठेवतो.

पाखाडीवर आता ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो आम्ही, पंधरा दिवसांनी एकदा. मधल्या दिवसांत झावळ्या.