रेस दिली तरी फोर्कलिफ्ट हलेना

भिवंडीच्या एका गोदामात बॅटरीवरची फोर्कलिफ्ट डॉकचा उंचवटा चढताना मध्येच रुसायची. चावी बंद करून फिरवली की पुन्हा सुरळीत. ऑपरेटरने मास्टला, म्हणजे पुढच्या उभ्या खांबाला, नवी लिंबू-मिरची बांधली. मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "पेडलचा सेन्सर गेला, नवा टाका." मीटर दोघांपैकी कुणीच लावला नव्हता.

रेस दिली की पेडलातून मोटरला जास्त करंट जातो, असा अनेकांचा समज असतो. पेडल नुसती चिठ्ठी पाठवतं, की एवढा वेग हवा. करंट किती सोडायचा ते कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, ठरवतो. ही चिठ्ठी व्होल्टेजमध्ये लिहिलेली असते. सेन्सरला 5 व्होल्ट मिळतात. पेडल मोकळं असताना तो, समजा, 0.5 व्होल्ट परत देतो आणि पूर्ण दाबल्यावर 4.5. दोन्ही टोकं मुद्दाम रिकामी सोडलेली असतात. वायर तुटून 0 आले किंवा शॉर्ट होऊन 5, तर हे पायाचं काम नव्हे हे कंट्रोलरला लगेच कळतं.

पण खोटा आकडा मधलाच आला तर? म्हणून बऱ्याच पेडलांत दोन सिग्नल असतात आणि दुसरा पहिल्याच्या बरोबर निम्मा. 3 ला 1.5 जुळले तर ठीक, नाहीतर गाडी जागीच थांबते आणि चावी फिरवेपर्यंत हटून बसते.

आता माझा आवडता बिघाड. सेन्सरच्या ग्राउंड वायरचा जोड खराब होऊन तिथे 0.3 व्होल्ट साचले, तर सेन्सरचा 'शून्य' वर सरकतो आणि त्याच्या वाट्याला 4.7 व्होल्टच उरतात. मोकळ्या पेडलला पहिला सिग्नल 0.3 + 0.47, म्हणजे 0.77 होतो. दुसरा 0.3 + 0.235, म्हणजे सुमारे 0.54. दुप्पट-निमपट मोडली! सेन्सर धडधाकट असूनही दोषी ठरतो. नवा टाकला तरी हेच आकडे येणार.

जुन्या पेडलांत सेन्सर म्हणून कार्बनच्या पट्टीवर घासणारा पोटेन्शिओमीटर, म्हणजे सरकता रेझिस्टर, असे. रॅकपाशी गाडी इंच-इंच सरकवून त्याचा सुरुवातीचाच भाग झिजायचा. नव्यांतला हॉल सेन्सर चुंबक किती सरकला ते न शिवता ओळखतो, त्यात घासणं नाही. एडविन हॉलने 1879 मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर पाहिलेला चुंबकाचा परिणाम तिथे कामाला येतो. कनेक्टर मात्र दोन्हींना लागतोच.

भिवंडीच्या त्या गाडीची चालकचाकं उचलून ठेवली, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि लाल सेन्सरच्या ग्राउंड पिनेला. मीटर शून्याजवळ स्थिर. हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, हलवला तसे आकडे नाचू लागले, 0.3 पर्यंत. कनेक्टर उघडला, तर पिनेवर हिरवा थर. सेन्सर तोच ठेवला.