न ठिबकणारी गळती

ऊस हंगाम सुरू झाला की कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्यांच्या तळांवर पहाटे एक केविलवाणा आवाज हमखास ऐकू येतो. रात्रभर रांगेत उभा असलेला एखादा ट्रक सेल्फ मारून मारून दमतो, पण काही केल्या सुरू होत नाही. ‘थंडीने डिझेल गोठले’ किंवा ‘बॅटरी गेली’ ही त्यावरची ठरलेली निदाने. कोल्हापूरच्या थंडीत डिझेल गोठत नाही आणि सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवत असेल, तर बॅटरीलाही दोष देता येत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून तिचे आकारमान सुमारे १७ पट कमी करतो, त्यामुळे ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. म्हणून सेल्फ मारताना प्रथम सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही. धूरच नसेल, तर बहुधा ते पोहोचतच नाही. आपला विषय हा दुसरा प्रकार आहे.

‘डिझेल कुठे गळत असते, तर खाली ठिबकले नसते का?’ असा प्रश्न चालक विचारतात. तो रास्त वाटला तरी फसवा आहे. टाकी खाली आणि तिच्यातून इंजिनाकडे डिझेल नेणारा फीड पंप वर असल्यामुळे पंपाला डिझेल ओढून घ्यावे लागते, म्हणजेच टाकी आणि पंप यांमधल्या नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तेथे फट पडली, तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. नदीकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, नीट बसला नाही की रात्रीतून पाइपातले पाणी खाली उतरते आणि सकाळी वरून पाणी भरल्याशिवाय मोटर पाणी उचलत नाही. ट्रकमध्येही फटीतून हवा शिरते, डिझेल टाकीत परतते आणि सकाळी नळी रिकामी असते. गाडी चढाला तोंड करून उभी असेल, तर हे अधिकच लवकर होते. हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या छोट्या पंपाने, डिझेल चढवून गाडी एकदा सुरू झाली की मात्र दिवसभर तक्रार नसते, कारण पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि शिरलेले बारीक बुडबुडे जादा डिझेलबरोबर टाकीत परत जातात.

एवढासा बुडबुडा इंजिन कसे अडवतो, हे पाहण्यासारखे आहे. फीड पंपाच्या पुढे डिझेलला दाब देणारा दुसरा पंप असतो. त्याच्या जुन्या धर्तीच्या प्रकारात दट्ट्या डिझेल ढकलतो आणि फवारा सोडणारे तोंड, म्हणजे नोझल, उघडण्यासाठी वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब लागतो. डिझेल त्या दाबाखाली जेमतेम दीड टक्का आक्रसते, त्यामुळे दट्ट्याचा धक्का जवळजवळ जसाच्या तसा नोझलपर्यंत जातो. आता दट्ट्या एका खेपेस १०० घनमिलिमीटर डिझेल ढकलतो आणि वाटेत तेवढ्याच आकाराचा बुडबुडा आहे, असे समजा. शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमानुसार २०० पट दाब होण्यासाठी बुडबुड्याला अर्ध्या घनमिलिमीटरपर्यंत चेपावे लागेल. म्हणजे साडेनव्व्याण्णव घनमिलिमीटरचा धक्का बुडबुडाच गिळतो, दट्ट्या मागे सरकताच तो पुन्हा फुगतो आणि नोझल मिटलेलेच राहते.

नव्या धर्तीच्या कॉमन रेल गाड्यांत सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे फवारा सोडणाऱ्या भागांना, रेल नावाच्या एकाच सामाईक नळीतून दाबाखालचे डिझेल मिळते. या रेलमधील दाब ठरावीक पातळीला पोहोचल्याखेरीज संगणक फवाऱ्याचा हुकूमच देत नाही. तेथे झिजलेल्या इंजेक्टरमधून परत जाणारे जादा डिझेलही दाब चढू देत नाही. म्हणून प्रत्येक इंजेक्टरचा परतावा वेगळ्या नळकांड्यात मोजून त्यांची तुलना करतात. या गाड्यांचे उच्च दाबाचे पाइप इंजिन चालू असताना कधीही सैल करू नयेत. ती धार कातडी भेदून आत शिरते.

निदानासाठी फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा. बुडबुड्यांची माळ दिसली, की हवा टाकीच्या बाजूने येते आहे. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच टांगून पंपाला थेट जोडणे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवणे. सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू झाली, तर टाकी ते पंप हा टप्पाच दोषी ठरतो. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने ही फट बुजत नाही आणि डिझेलमध्ये ओतायच्या महागड्या बाटलीनेही नाही. निदान लिंबू स्वस्त तरी असते.

गेल्या हंगामात कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजसमोर मी पाहिलेल्या ट्रकची बॅटरी दोनदा बदलून झाली होती. दोष निघाला फीड पंपाच्या जोडातील तांब्याच्या वॉशरमध्ये, जो मागच्या दुरुस्तीत तसाच पुन्हा बसवला होता. तांबे एकदा चेपले गेले की कडक होते आणि नव्या पृष्ठभागाशी जुळवून घेत नाही. मिस्त्रींनी तो वॉशर नखावर धरून दाखवला, तेव्हा त्याच्या कडेवर केसाएवढी रेघ दिसत होती.