विकासाचा अनुशेष (महाराष्ट्र)

राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखादा जिल्हा विकासात जितका मागे राहिला, ती तूट आणि ती भरून काढायला लागणारा खर्च, यांना महाराष्ट्राच्या कारभारात ‘अनुशेष’ म्हणतात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील निधिवाटपाचा वाद १९८० च्या दशकापासून याच मोजमापाभोवती फिरतो आहे.

वादाची मुळे मात्र राज्यस्थापनेच्या आधीची. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातील नेत्यांमध्ये २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात सरकारी खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे ठरले. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये तिन्ही विभागांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले.

दरम्यान १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत जिल्हा राज्य सरासरीच्या खाली असेल, तर तेवढी तूट म्हणजे अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्यांची शिल्लक मात्र हिशेबात धरायची नाही, अशी तिची रीत. सिंचनात नुसते हेक्टर मोजून भागत नव्हते, कारण उसाचा एक हेक्टर आणि रब्बी ज्वारीचा एक हेक्टर यांना लागणारे पाणी सारखे नसते. म्हणून सारे क्षेत्र रब्बी समतुल्य हेक्टरांत, म्हणजे तेवढ्या पाण्यात रब्बी पिकाचे किती हेक्टर भिजतील या मापात, बदलून घेतले. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला: विदर्भ ३९.१२ टक्के, मराठवाडा २३.५६ टक्के. उरलेला ३७.३२ टक्के उर्वरित महाराष्ट्राचा होता, हे वादाच्या भरात सोयीस्करपणे विसरले जाते. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती धरून हाच आकडा १४,००६.७७ कोटींवर नेला.

मंडळांकडे निधी वाटण्याचा अधिकार नव्हता. समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर होती आणि २००१ पासून त्यांचे वार्षिक निर्देश निघू लागले. खरी अडचण मोजपट्टीतच होती. अनुशेष १९९४ च्या तारखेला गोठवला, पण राज्याची सरासरी पुढे सरकत राहिली. त्यामुळे जुना अनुशेष कागदावर संपला, तरी जिल्हा प्रत्यक्षात मागेच असू शकतो. शिवाय पैसा दिला म्हणजे पाणी शेतात पोहोचले असे नाही. भूसंपादन रखडते, वनविभागाची परवानगी अडते, अभियंत्यांची पदे रिकामी राहतात; मग आर्थिक अनुशेष भरलेला आणि भौतिक अनुशेष शिल्लक, असे विचित्र चित्र उभे राहते. अमरावती विभागाचा सिंचन अनुशेष हे त्याचे ठळक उदाहरण.

अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक सुचवले. निफाडच्या द्राक्षबागा आणि आदिवासी सुरगाणा एकाच नाशिक जिल्ह्यात येतात, तेव्हा जिल्ह्याच्या सरासरीत सुरगाणा दिसतच नाही. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.