गिधाडासमोरचं ते मूल तेव्हा वाचलं होतं

‘फोटो काढत बसला, मूल मेलं, मग पश्चात्तापाने जीव दिला’ हा दक्षिण आफ्रिकेचा फोटोग्राफर केव्हिन कार्टर याच्याबद्दलचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. उपाशी मूल आणि त्याच्यामागे बसलेलं गिधाड, असा तो फोटो १९९३चा, सुदानमधल्या आयोद गावचा. जवळच संयुक्त राष्ट्रांचं अन्नकेंद्र होतं. मुलाच्या मनगटावर तिथली पट्टी फोटोतही दिसते. कार्टरने गिधाड हुसकावलं, मुलाला मात्र उचललं नाही. टीका त्यावर जरूर करा.

पण मूल जगलं. २०११मध्ये स्पॅनिश पत्रकार गावात पोचले, तेव्हा वडिलांनी सांगितलं: तो मुलगा होता (मेसेजमध्ये हटकून मुलगी असते!) आणि २००७च्या सुमारास तापाने गेला. कार्टरने जुलै १९९४मध्ये आत्महत्या केली हे खरं, पण त्याच्या चिठ्ठीत पैशांची चणचण होती, पाहिलेल्या हत्या, उपाशी मुलं होती, गोळी लागून गेलेला मित्र केनही होता.